भाऊ गेला, आणि सगळे विचारतात आई कशी आहे

तिसरा_जिना

इथे बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा काढायची ही पहिलीच वेळ. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ गेला. ३८ वर्षांचा होता. रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही. हृदय बंद पडलं, एवढंच डॉक्टर सांगू शकले. आधी कसली तक्रार नाही, गोळी नाही. वर्ष होऊन गेलं त्याला. मागे आई, वहिनी, सात वर्षांची भाची आणि मी. वहिनी आणि भाची वरच्या मजल्यावर, आई आणि मी खाली.

मी हिशेबाचं काम करते, त्यामुळे कागदपत्रं आपोआप माझ्याकडे आली. मृत्यूचा दाखला, विमा, बँक, सगळं. एका ठिकाणी खिडकीतल्या माणसाने दाखला हातात घेतला, खालपर्यंत वाचला आणि म्हणाला, खातं बंद करायचं तर खातेदाराला स्वतः यावं लागेल. मला तिथे उभ्या उभ्या हसू फुटलं. मागची बाई दोन पावलं मागे सरकली. ही गोष्ट मी घरी कुणाला सांगितली नाही, कारण ती सांगायची ती भावालाच. असल्या गोष्टी तो चारचौघांत नक्कल करून सांगायचा.

तर मुद्दा असा की दिवसा माझं बरं चालतं. महिनाअखेरचे ताळे जुळवते, विनोदाला हसते, नव्या मुलीला काम शिकवते. ऑफिसातले म्हणतात, किती खंबीर आहेस गं. आई म्हणते, "तुझं बरं आहे, तुला ऑफिस आहे." दोन्ही वाक्यं मला सारखीच लागतात.

आणि मग रात्री हे होतं. भाऊ उशिरा यायचा तेव्हा वळणावरच गाडीचं इंजिन बंद करायचा आणि उतारावरून गाडी नुसती घरंगळत आणायचा, आईची झोप मोडू नये म्हणून. शेवटी फक्त खडीवर चाकांचा करकर आवाज आणि मग स्टँडचा. त्यामुळे गाडीचा आवाज आला की मला काही होत नाही. आवाज मध्येच बंद झाला की होतं. कुणाचीही गाडी असो, वळणावर बंद पडली की मी पुढच्या करकरीची वाट बघत बसते. तो नाही हे माहीत असतं. कानाला माहीत नसतं बहुतेक. त्यानंतर तासभर मी कामाची उरत नाही.

नेटवर दुःखाचे पाच टप्पे वाचले. नाकारणं, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. मी प्रामाणिकपणे स्वतःला शोधलं त्यात, सापडले नाही. एकाच दिवसात कधी पाचही होतात, कधी आठवडाभर काहीच नाही.

आणखी एक. बोलू की नको असं होतंय. नातेवाइकांचे फोन येतात ते असे: "आई कशी आहे?" मग "वहिनी सावरली का?" मग "पोरीकडे बघवत नाही." मग "चल, काळजी घे सगळ्यांची." फोन ठेवल्यावर मला कुणाशी तरी भांडावंसं वाटतं. आईचं पोर गेलं, वहिनीचा नवरा गेला, मला कळतं ते. पण त्याच्या जन्मापासूनचं त्याचं सगळं आयुष्य बघितलेली आता दोनच माणसं आहेत, एक आई आणि एक मी.

विचारायचं आहे ते हे: हे असं दिवसा एक आणि रात्री एक, हे ठीक आहे का? की मी काहीतरी दाबून ठेवतेय आणि ते पुढे फुटणार? आणि आईचं काय करू? ती त्याच्या कपाटाला कुणाला हात लावू देत नाही, घराबाहेर पडत नाही, रात्रभर जागी असते.

---

रिकामा_कट्टा

माझा मोठा भाऊ गेला त्याला बरीच वर्षं झाली. तुमचा तो फोनचा परिच्छेद वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. शब्दन् शब्द तोच.

मी एकदा वैतागून एका काकूंना म्हणाले, "आई बरी नाही, आणि मीही बरी नाही." पलीकडे शांतता. मग त्या म्हणाल्या, "अगं हो, तुझाही भाऊच तो." त्यांच्या खरंच डोक्यात आलं नव्हतं. वाईट हेतू नव्हता. तेव्हापासून मी हेच उत्तर देते. निम्मे लोक गडबडून फोन ठेवतात. उरलेले निम्मे कामाचे निघतात.

बाकीच्याला माझ्याकडे उत्तर नाही. मावळतीकडे ताई या विषयातल्या आहेत, त्या लिहितील तर बरं.

---

मावळतीकडे

हाक मारलीत म्हणून लिहिते. मी एका रुग्णालयात समुपदेशक होते. बहुतेक काम कॅन्सरच्या वॉर्डात, आणि नंतर त्या घरांमधल्या माणसांबरोबर.

तिसरा_जिना, आधी ते पाच टप्पे निकालात काढू, कारण त्यांनी फार लोकांना छळलंय. एलिझाबेथ कुबलर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी ते १९६९ साली मांडले, ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले. आणि सगळ्यांना त्याच क्रमाने ते येतात असं त्यांचंही म्हणणं नव्हतं. माझ्यासमोर माणसं बसायची आणि विचारायची, "मॅडम, मला अजून राग आला नाही, काही बिघडलंय का?" गृहपाठ राहिल्यासारखं तोंड करून. तेव्हा तुम्ही त्यात सापडला नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका. शोकावर गंभीरपणे काम करणाऱ्यांनी ती शिडी कधीच बाजूला ठेवली आहे.

तुमच्या 'दिवसा एक, रात्री एक'शी जास्त जुळणारं काम नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांचं आहे, मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट, १९९९ सालचं. त्यांचं म्हणणं असं की शोकात माणूस दोन ठिकाणी ये-जा करतो. एकीकडे गेलेल्या माणसाची ओढ, आठवण, रडणं. दुसरीकडे त्या माणसाशिवायचं आयुष्य उभं करणं: बिलं, नोकरी, नवी जबाबदारी, आणि हो, हसणंसुद्धा. दोन्हीकडे जाणं गरजेचं असतं, आणि मध्ये सुट्टी घेणंही. ताळे जुळवताना तुम्ही भावाला विसरलेल्या नसता, तुम्ही दुसऱ्या टोकाला असता. काळजी कधी करायची? माणूस एकाच टोकाला अडकला तर. चोवीस तास कपाटासमोर, किंवा चोवीस तास कामात आणि त्याचं नाव निघालं की खोलीबाहेर. तुमची ये-जा चालू आहे, उलट फार स्पष्ट चालू आहे.

'पुढे फुटणार का' हा प्रश्न मला शेकडो वेळा विचारला गेलाय. जो आता रडला नाही त्याच्यावर ते नंतर उलटतंच, असं आपल्याला पक्कं वाटत असतं. याला पुरावा फार कच्चा आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनानो यांनी जोडीदार गेलेल्या माणसांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, आणि त्यांना दिसलं ते असं की बऱ्याच जणांचं कामकाज सुरुवातीपासून ठीक चालू राहतं आणि पुढेही काही फुटत नाही. तुम्ही तर रात्री तासभर त्याच्यापाशी असताच. मग दाबलं कुठे?

आता कानाचं. तुम्ही अगदी बरोबर लिहिलंत, त्याला माहीत नाही. ज्या माणसाबरोबर आयुष्य गेलं तो कधी, कुठून, कोणत्या आवाजाने येतो याचे अंदाज मेंदूने वर्षानुवर्षं बांधलेले असतात. माणूस एका रात्रीत जातो, अंदाज एका रात्रीत जात नाहीत. 'आला नाही' हे मेंदूला पुन्हा पुन्हा अनुभवावं लागतं, तेव्हा कुठे तो हळूहळू शिकतो. जॉन बोल्बी आणि कॉलिन पार्क्स या दोन ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी फार पूर्वीच या वागण्याला 'शोध' असं नाव दिलं होतं. गर्दीत पाठमोरा माणूस तोच वाटणं, दार वाजलं की दचकणं, सगळं यातलंच. वेल्समध्ये डेवी रीस नावाच्या डॉक्टरांनी १९७१ साली २९३ विधवा-विधुरांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचं जाणवलं होतं, काहींना दिसलाही होता, आणि बहुतेकांनी ते तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. वेड्यात काढतील म्हणून. तेव्हा खडीची करकर ऐकू आली तरीसुद्धा घाबरू नका.

फोनवाल्या नातेवाइकांबद्दल रिकामा_कट्टा यांनी सांगितलं त्यापेक्षा चांगलं मला सांगता येणार नाही. शोकाचे अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा शोकावर पुस्तकच काढलं, ज्याला आजूबाजूचे लोक जागा देत नाहीत. भावंडं त्यात हमखास सापडतात. मित्र, प्रेमिक, घटस्फोटित जोडीदार, गर्भ पडलेली बाई, हेही. दुःखाच्या रांगेत कुणाचा नंबर कितवा हे लोक परस्पर ठरवतात, आणि शेवटच्याला मग मदतनीस म्हणून कामाला लावतात.

आईंचं वेगळं लिहिते, त्याआधी दोन-तीन गोष्टी विचारायच्या आहेत. त्या रोजची कामं करतात का, अंघोळ, कपडे, औषधं? जगण्यात अर्थ नाही असं बोलतात का? भावाबद्दल बोलतात का, की नुसत्या बसून असतात?

---

खडूस_आजोबा

मावळतीकडे, पुरावा कच्चा आहे हे आमच्या सुनेला कुणीतरी सांगा. आमची ही गेली तेव्हापासून घरातले माझ्या मागे लागलेत: बोला, मोकळे व्हा, मनात ठेवू नका. मला नाही बोलायचं. मी तळघरात जाऊन जुनी घड्याळं उघडतो आणि पुन्हा लावतो. चाळीस वर्षं मी तिथे बसलो की ती वरून ओरडायची, आता कुणी ओरडत नाही, तर जास्त वेळ बसता येतं. हे माझं बोलणं समजा.

तिसरा_जिना, दोन कामाच्या गोष्टी. तुम्ही कागदपत्रं करणाऱ्या दिसता म्हणून.

भावाचा मोबाइल नंबर अजून चालू असेल तर बंद करायच्या आधी त्यातले आवाजी निरोप, फोटो, व्हिडिओ दुसरीकडे उतरवून ठेवा, दोन ठिकाणी. बंद झालेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्या कुणाला देते. एक दिवस आमच्या हिच्या नावासमोर एका दाढीवाल्या तरुणाचा फोटो आला. बाईक घेऊन उभा. मला हसू आलं, मुलगी मात्र दिवसभर रडत होती.

दुसरं, कपाट. आवरायची घाई करू नका आणि आईंच्या मागे तर मुळीच लागू नका. आवरलं नाही म्हणून कुणी मेलेलं नाही. आमच्याकडे 'मन घट्ट करा' म्हणत नातेवाइकांनी परस्पर कपाट रिकामं केलं. तिचा चष्मा कुठे गेला तो आजवर सापडला नाही. तो मला हवा होता.

---

तिसरा_जिना

काय बोलू. रात्री दोनदा वाचलं सगळं.

आजोबा, दाढीवाल्यावर मी मोठ्याने हसले आणि मग नंबर चालू आहे ना ते बघायला धावले. चालू आहे. आज उतरवून घेते.

मावळतीकडे ताई, तुमचे प्रश्न. आई अंघोळ करते, पण सांगावं लागतं. रक्तदाबाची गोळी बऱ्याचदा राहते. भावाबद्दल बोलते, पण एकच: त्या रात्री मी एकदा डोकावले असते तर. हेच, रोज, त्याच शब्दांत. आणि हो, "मला कशाला ठेवलं मागे" असं म्हणते. मी विषय बदलते. काय उत्तर देणार?

आणि भाचीचं राहिलंच. पहिल्या दिवशी कुणीतरी तिला सांगितलं, बाबा झोपलेत. आता ती रात्री झोपायला तयार नसते. वहिनीला झोपू देत नाही. वहिनीला डुलकी लागली की हलवून उठवते. आणि दिवसा मजेत खेळते, त्यामुळे शाळेत कुणाचा विश्वास बसत नाही.

---

मावळतीकडे

आधी भाची, कारण ते लवकर सुटण्यासारखं आहे.

ती जे करतेय ते तिच्या हिशेबाने अगदी रास्त आहे. झोपलेला माणूस उठत नाही असं तिला मोठ्यांनीच सांगितलंय, म्हणून ती आईला वाचवतेय. वहिनींनी शांतपणे, स्पष्ट शब्दांत दुरुस्ती करायची: बाबा मेले. त्यांचं हृदय बंद पडलं, आणि हृदय बंद पडलं की शरीर परत चालू होत नाही. झोपेत आपलं हृदय चालूच असतं. हवं तर तिचा हात स्वतःच्या छातीवर ठेवून दाखवायचं. 'मेले' म्हणायला मोठ्यांना जड जातं, मुलांना 'देवाघरी', 'लांब गेले', 'झोपले' हे जास्त जड जातं. मरण कायमचं असतं हे मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगायला लागतं, म्हणजे तिला कळेल. पुन्हा पुन्हा विचारेल, तेव्हा तेच उत्तर त्याच शब्दांत. 'तूही मरशील का' असं विचारलं तर 'कधीच नाही' म्हणू नका. 'मी खूप वर्षं जगेन असं मला वाटतं, आणि काही झालंच तर तुझ्याजवळ आत्या आहे, आजी आहे' असं म्हणा. आणि मुलं शोक तुकड्यातुकड्यांनी करतात. दहा मिनिटं रडतात आणि खेळायला पळतात. शिक्षकांना हे एकदा समजावून सांगा. एवढं करूनही काही आठवड्यांत झोप सुधारली नाही तर मुलांच्या समुपदेशकाकडे न्या.

आता आई. इथे मी जरा ठाम बोलणार आहे.

बहुतेकांचा शोक वेळेबरोबर सैल होतो, संपत नाही पण सैल होतो. मोठ्यांमध्ये दहातल्या साधारण एकाचा होत नाही, आणि पोटचं पोर अचानक गेलेल्यांत हे प्रमाण जास्त दिसतं. याला आता वैद्यकात वेगळं निदान आहे, दीर्घकालीन शोकविकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत ते आहे, किमान सहा महिने या अटीसह. अमेरिकन यादीत मोठ्यांसाठी बारा महिने. नुसता काळ मोजून ते ठरत नाही. गेलेल्याची ओढ किंवा त्याचाच विचार जवळजवळ रोज, तीव्र वेदना, आणि रोजचं जगणं अडणं हे पाहिलं जातं. आईंना ते आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण वर्षानंतर गोळ्या राहतात, झोप नाही, बाहेर पडणं नाही, आणि विचार त्या एका रात्रीपाशी थांबलेला, हे सगळं वाचून त्यांना मनोविकारतज्ज्ञांना दाखवायला हवं एवढं नक्की म्हणेन. यावर खास उपचारपद्धती आहेत. कोलंबिया विद्यापीठातल्या कॅथरीन शिअर यांनी घडवलेली साधारण सोळा बैठकांची आहे, त्यात ती रात्र आणि टाळलेल्या गोष्टी या दोन्हींना हळूहळू हात घातला जातो. नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी नैराश्य उतरतं, ओढ फारशी उतरत नाही, तेव्हा बोलण्याचे उपचार कुठे मिळतील हे आधीच विचारा. आणि रक्तदाबाची गोळी आजपासून तुम्ही स्वतः हातात द्या. शोकात शरीरावर खरोखर ताण येतो, हृदयावर विशेष.

"मला कशाला ठेवलं" या वाक्यावर विषय बदलू नका. सरळ विचारा: "आई, जीव द्यावासा वाटतो का तुला?" विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे, उलट माणसाला सुटल्यासारखं होतं. बहुतेक वेळा उत्तर येतं की तसं नाही गं, नुसतं नकोसं झालंय. पण 'हो' आलं, किंवा कसं-कधी याचा विचार झालेला दिसला, तर त्यांना एकटं सोडायचं नाही, गोळ्या-औषधं नजरेआड करायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

'डोकावले असते तर'ला 'तुझी काही चूक नाही' हे उत्तर देऊन बघितलं असेलच. ते आत शिरत नाही. त्याऐवजी त्या रात्रीबद्दल विचारा. तो काय म्हणाला, कधी दिवा मालवला. एकच वाक्य फिरत राहतं तेव्हा बऱ्याचदा त्याच्या आगेमागचं कुणी ऐकून घेतलेलं नसतं.

आणि त्याला विसरायला कुणालाही सांगू नका, स्वतःलाही. पूर्वी समज असा होता की गेलेल्यातून मन काढून घेतलं की शोक संपला. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याने १९१७ साली साधारण हेच लिहिलं होतं. मग १९२० मध्ये त्याची मुलगी सोफी फ्लूने गेली. नऊ वर्षांनी, तिच्या छत्तिसाव्या वाढदिवशी, त्याने एका मित्राला पत्र लिहिलं की ही जागा भरून निघत नाही, आणि तसंच असायला हवं. खिडकीतल्या माणसाची ती गोष्ट आईंना सांगून बघा. भाऊ कशी नक्कल करायचा ते त्यांनाही माहीत आहे.

---

तिसरा_जिना

सांगितली. हाताने खिडकी करून, दाखला नाकाजवळ धरून. आई आधी रागावली, असं कसं म्हणाला तो मेला. मग म्हणाली, "त्याने त्या माणसाचा चष्मासुद्धा केला असता." मग बराच वेळ बोललो, बहुतेक लहानपणचं. सरळ प्रश्नही विचारला. उत्तर 'नाही गं' आलं. डॉक्टरांची वेळ पुढच्या सोमवारची मिळाली आहे. वहिनी भाचीशी आज रात्री बोलणार आहे, मला शेजारी बस म्हणाली.

गाड्या अजून वळणावर बंद पडतात. ते चालू राहू दे सध्या.

---

खडूस_आजोबा

सोमवारी आईंबरोबर तुम्हीही आत बसा. बाहेर फायली सांभाळत बसू नका. डॉक्टरांना सांगा, पेशंट दोन आहेत.